गुरुवारची अठ्ठ्याऐंशी ताटं

"बी विंगमधली ती कॉम्प्युटरवाली मुलगी शेवटच्या दिवशी स्टेजवर गेली, पाहुण्यांसमोर तिचा प्रोग्रॅम बंद पडला आणि ती रडत रडत हॉलमधून पळाली. मग तो नाद सोडून वडिलांच्या कंपनीत चिकटली बिचारी." हे शब्द आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचे. ते त्यांनी प्रथम पाण्याच्या टाकीविषयीच्या बैठकीत उच्चारले, नंतर संध्याकाळी बाकावर उच्चारले आणि शेवटी सोसायटीच्या ग्रुपवर, खाली दोन रडके चेहरे चिकटवून, लेखी स्वरूपात प्रसिद्ध केले. सेक्रेटरी त्या दिवशी त्या हॉलमध्ये नव्हते. मी होतो, दुसऱ्या रांगेत, पंख्याखाली. चौतीस वर्षे मी एका मोठ्या कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. तिथे एखादा जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, नापास करायचा तर तो कोणत्या मापात आणि किती चुकला हे लिहून खाली सही करावी लागते. नुसते 'बिचारा' म्हणून बाजूला टाकता येत नाही. सेक्रेटरींचे हे विधान मी नापास करतो आहे, आणि कोठे कोठे चुकले ते पुढे लिहून देतो आहे.

परंतु त्याआधी ही मुलगी कोण, हे कळले पाहिजे. माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारी ही मुलगी म्हणजे, पवना आणि इंद्रायणी या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात चुकीची इतक्या प्रेमाने वाट पाहणारी एकमेव व्यक्ती असावी. आपण सारे चूक सापडली की कपाळाला आठ्या घालतो. हिचा चेहरा उजळतो. माझी आणि तिची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी बटण दाबले. लिफ्ट हलली नाही म्हणून पुन्हा दाबले. ती म्हणाली, "आजोबा, दोनदा दाबल्यानं लवकर येते का?" मी म्हणालो, "येते." "कशावरून?" मी म्हणालो, "चौदा वर्षांच्या अनुभवावरून." आठ दिवसांनी तिने माझ्या दारात एक कागद आणून दिला. त्यावर लिफ्टच्या साठ फेऱ्यांच्या वेळा होत्या. तीस फेऱ्या एकदा दाबून, तीस दोनदा दाबून. काडीचा फरक नव्हता. खाली नम्रपणे लिहिले होते, 'आजोबा, तुमचा अनुभव बरोबर असेल, पण लिफ्टला तो माहीत नाही.' दुसऱ्या कोणी असा कागद दिला असता तर मी त्याच्याशी जन्माचे भांडण काढले असते. मी तो कागद देवघराच्या भिंतीला लावला.

हे कुटुंब लातूरकडचे. वडील निघोज्याच्या बाजूला एका कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवतात. वीस वर्षे आळीपाळीने पहिली, दुसरी, तिसरी शिफ्ट करणारा हा अबोल मनुष्य आठवड्यातून एकदा जिन्यात दिसतो आणि दिसला की "काका, बरं हाय ना?" एवढे विचारून उत्तर ऐकण्यापूर्वी खाली उतरतो, कारण बस चुकेल. आई घरी शिवणकाम करते. बारावीनंतर मुलीने बी.एस्सी.ला संगणकशास्त्र घेतले, परंतु घरी संगणक नव्हता. कॉलेजातल्या यंत्रावर तिला दिवसाला एक तास मिळे. एवढ्याशा तासात विचार करत बसणे हा तिला उधळेपणा वाटे. म्हणून ती सारा विचार घरी कागदावर करून जाई, आणि कागदावरचा प्रोग्रॅम चालतो की नाही हे घरातल्या माणसांवर चालवून पाही.

हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण ते शब्दशः खरे आहे. मी एकदा विरजण मागायला गेलो, तर आई स्वयंपाकघरात ओट्याशी ताठ उभी. पुढ्यात मिसळणाचा डबा उघडा, आणि त्यातल्या सात वाट्यांत मोहरी-हळदीऐवजी चिठ्ठ्या. मुलगी दारात वही घेऊन उभी. "आई, तीन नंबरच्या वाटीत काय आहे?" "सतरा." "त्यात पाच मिळव आणि परत ठेव." आईने जुनी चिठ्ठी काढली, नवी लिहिली, ठेवली. मग माझ्याकडे वळून अत्यंत थकल्या स्वरात म्हणाली, "काका, बसा. मी सध्या मेमरी हाय." विरजण मिळायला मला पंचवीस मिनिटे लागली. कारण मधेच वाट्यांमध्ये काहीतरी घोटाळा झाला, आणि मुलीने टाळी वाजवून "सापडली!" असे म्हणत आईला मिठी मारली. काय सापडली हे विचारल्यावर आई म्हणाली, "चूक सापडली म्हणे. माझ्या लेकराला चूक सापडली की पेढे वाटावे वाटतेत. मला तर फोडणीला जिरं सापडंना."

प्रोग्रॅम मोठा झाला की वाट्या पुरत नसत. तेव्हा ती पाने फाडून गच्चीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर क्रमाने चिमट्यांनी लावी आणि दोरीच्या कडेने चालत एकेक पान वाची; कुठे 'पुन्हा मागे जा' असे असले की खरोखर मागे जाई. चाळीस-चाळीस वेळा ती तेवढ्याच चार पावलांत येरझाऱ्या घाली. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी तिच्या आईला हळूच विचारले होते, पोरीचं कुठे जमवताय का, तिला पसंत नाही का, कारण ती रोज दुपारी गच्चीत अस्वस्थ फिरते. एकदा वाऱ्याने दोन पाने उडून त्यांची अदलाबदल झाली आणि प्रोग्रॅम भलतीकडेच गेला, तर तिने मला खाली येऊन सांगितले, "आजोबा, आज वाऱ्यानं बग टाकला." तो आनंद मी माझ्या मुलांच्या लग्नांतही पाहिलेला नाही.

मग ते उन्हाळी शिबिर आले. रावेतच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात संगणकशास्त्राचे सहा आठवड्यांचे शिबिर भरते. निरनिराळ्या कॉलेजांतली चाळीस मुले परीक्षा घेऊन निवडतात आणि शेवटी त्यांतल्या दोघांना वर्षभर आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेतात. ते दोघे पुढे शिकतात. बाकीचे प्रशस्तिपत्रक घेऊन घरी जातात. या मुलीची पदवीची परीक्षा नुकती झाली होती आणि वडिलांनी आपल्या कंपनीच्या स्टोअरमध्ये तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचे. घरात एक तह झाला. वडील म्हणाले, "दोघांत आलीस तर शिक. न्हाई आलीस तर सोमवारी माझ्यासंगं बसमधी." ती म्हणाली, "चालेल." तहाला साक्षीदार मी. तेव्हा त्या शिबिरात तिचे काय पणाला लागले होते हे मला सेक्रेटरींकडून समजून घेण्याची गरज नाही.

शिबिरात प्रत्येकाला तेच एक काम एकट्याने करायला दिले होते. चाकणकडच्या एका कारखान्याच्या कँटीनच्या वर्षभराच्या नोंदी दिल्या होत्या. कामगार ताट घेताना आपले कार्ड यंत्राला टेकवतो, तेव्हा तारीख आणि वेळ उमटते. त्या लाखो नोंदींवरून, कोणतीही तारीख दिली की पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या शिफ्टला किती ताटे लागतात हे सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा. कमी सांगितली तर माणसे उपाशी, जास्त सांगितली तर अन्न वाया. कॉलेजने स्वतःची एक उत्तरांची फाइल तयार ठेवली होती. तिच्याशी तुमची उत्तरे ताडून यंत्रच शंभरपैकी गुण देई.

या कामात तिने मला नोकरीस ठेवले. एके सकाळी वर येऊन म्हणाली, "आजोबा, मला टेस्टिंगसाठी एक भांडखोर माणूस पाहिजे." मी विचारले, "सोसायटीत एवढी माणसं सोडून तू माझ्याकडे का आलीस?" ती म्हणाली, "मी तिघांना विचारलं. तिघांनी तुमचंच नाव सांगितलं." एखाद्याला राग आला असता. मी चष्मा पुसून बसलो. माझे काम असे की ती प्रोग्रॅम वाचून दाखवी आणि मी त्याला आडवे जायचे. मी एकतीस जूनची तारीख दिली. मी तारखेच्या जागी शिवी दिली. मी विचारले, एकाच माणसाने दोनदा कार्ड टेकवले तर? घड्याळ बंद पडले तर? ती प्रत्येक प्रश्न वहीत लिहून घेई आणि म्हणे, "आणखी भांडा, आजोबा, आणखी भांडा." निवृत्तीनंतरच्या चौदा वर्षांत असे वाक्य मला कोणी म्हटले नव्हते. घरात तर उलटच म्हणतात. तिच्या छापील अहवालाच्या चौथ्या पानावर 'तपासणी' या शीर्षकाखाली माझे नाव आहे. यामुळे माझी साक्ष एकांगी ठरते असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे; मी ते पान दाखवायला तयार आहे.

पाचव्या आठवड्यात यंत्राने तिला अठ्ठ्याण्णव गुण दिले. चाळीसांत सर्वांत जास्त. येथे एक गोष्ट घडली, जी मला तेव्हा कळली नाही. अठ्ठ्याण्णव हा आकडा आला आणि आमची भांडणे थांबली. लिफ्टवरही विश्वास न ठेवणारी ती मुलगी, आणि सख्ख्या भावाने दिलेले मापही पुन्हा घेणारा मी, दोघेही त्या आकड्यापुढे गप्प बसलो. तिने दोरीवरची पाने उतरवली आणि आईच्या वाट्यांत परत मोहरी पडली.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाला घरची दोन माणसे आणायची मुभा होती. आई म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं, काका, तुम्ही जावा." वडिलांची त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती. त्यांनी बसच्या ड्रायव्हरला सांगून ठेवले होते की आज मला रावेतच्या सर्व्हिस रोडवरून घ्या, आणि कंपनीचा निळा शर्ट घालूनच ते हॉलमध्ये आले. मी दुसऱ्या रांगेत बसलो. ते सर्वांत मागे, दाराजवळ उभे राहिले. "बसा की," मी खूण केली. त्यांनी मानेनेच नकार दिला. बस यायची होती.

परीक्षक म्हणून बंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीतले एक पाहुणे आले होते. गृहस्थ मूळचे साताऱ्याचे, हसतमुख. मुलीने शिबिराच्या लॅपटॉपवर दोन तारखा चालवून दाखवल्या. मग पाहुणे म्हणाले, "आता माझी एक तारीख घ्या. गेल्या वर्षीचा आमच्या लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी मी विसरलो होतो, म्हणून मला घरी ताट मिळालं नव्हतं. बघू तुमच्या कँटीनमध्ये किती होती." हॉल हसला. मुलीने तारीख टाकली. पडद्यावर उमटले: गुरुवार. पहिली शिफ्ट, शून्य ताटे. दुसरी शिफ्ट, शून्य. तिसरी शिफ्ट, अठ्ठ्याऐंशी. पाहुण्यांनी आपल्याजवळची उत्तरांची फाइल पाहिली. तंतोतंत तेच. "वा!" ते म्हणाले, "म्हणजे सुट्टीचा दिवसही तुमच्या प्रोग्रॅमनं बरोबर ओळखला!" टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. लिहायला जड जाते, पण वाजवल्या.

तेवढ्यात मागून, दाराजवळून, स्वतःशीच बोलल्यासारखा आवाज आला. "गुरुवारी तर कंपनी बंद ऱ्हाती. मग हे अठ्ठ्याऐंशी लोकं आले कुठून?"

या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुरुवारी गेटला कुलूप. आणि तिसऱ्या शिफ्टचा मनुष्य बुधवारी रात्री अकराला कामावर चढतो, मध्यरात्र उलटून गेल्यावर जेवतो आणि सकाळी सातला सुटतो. कार्डाचे यंत्र त्या जेवणावर गुरुवारची तारीख उमटवते. परंतु कारखान्यात, हजेरीत, कामगाराच्या घरात ते जेवण बुधवारचेच. ज्या घरात वडील वीस वर्षे तिसरी शिफ्ट करत आले त्या घरातल्या मुलीला हे शिकवावे लागत नाही. शिबिरात मात्र पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले गेले होते की दिवस रात्री बारा वाजता बदलतो, आणि ते तिने सर्वांसारखेच उतरवून घेतले होते. कॉलेजच्या फाइलीत तीच चूक, चाळीस मुलांच्या प्रोग्रॅममध्ये तीच चूक; म्हणून सर्वांची उत्तरे एकमेकांशी सुरेख जुळत होती. त्या हिशेबाने स्वयंपाक केला असता तर गुरुवारी बंद गेटाआड अठ्ठ्याऐंशी ताटे वाढून ठेवली असती, आणि गुरुवारी रात्री कोणीच कामावर नसल्याने शुक्रवारच्या तारखेला शून्य ताटे धरून, शुक्रवारी रात्री चढलेली तिसरी शिफ्ट उपाशी राहिली असती.

मुलीने वडिलांकडे पाहिले. मग पडद्याकडे. आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी स्वयंपाकघरात अनेकदा पाहिलेले होते. मी शपथेवर सांगतो, तो चेहरा उजळला. ती म्हणाली, "सर, हे घेऊ नका. हे चुकलंय."

पाहुणे गोंधळले. "अहो, पण उत्तर जुळतंय."

"तुमच्या उत्तराशी जुळतंय, सर. कंपनीशी नाही जुळत."

"म्हणजे आमचंही चुकलंय म्हणता?"

"हो, सर. सगळ्यांचंच." आणि मग, पुष्कळच नम्रपणे, "सॉरी, सर."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. ते सज्जन होते, हे मी त्यांच्या अनुपस्थितीत मुद्दाम नोंदवतो, कारण बाकावर अशीही एक आवृत्ती फिरते आहे की मुलगी उद्धट बोलली आणि पाहुणे संतापले. कोणी संतापले नाही. ते म्हणाले, "हे बघा, गुण या फाइलीवरच द्यायचे आहेत आणि यादी आजच जायची आहे. तुमचे अठ्ठ्याण्णव आहेत. शंका असेल ती अहवालात लिहा. मी निकाल बदलत नाही." म्हणजे दोघांतली एक जागा तिच्या हातात ठेवली होती. बोटे मिटायचे तेवढे बाकी होते. ती म्हणाली, "शंका नाही, सर. खात्री आहे. मी हे मागे घेते." आणि तिने स्वतःच्या हाताने लॅपटॉपचे झाकण मिटले. सेक्रेटरी ज्याला प्रोग्रॅम 'बंद पडला' म्हणतात तो हा प्रसंग. बंद पडणे आणि बंद करणे यांतला फरक ज्यांना मोठा वाटत नाही, त्यांनी कधी यंत्राजवळ उभे राहू नये.

आता पळण्याविषयी. ती पळाली, हे खरे आहे. झाकण मिटले, मागे पाहिले, तर दार रिकामे होते. आपण भर सभेत बोललो या संकोचाने वडील केव्हाच निघून गेले होते, शिवाय त्यांची बस यायची झाली होती. ती मधल्या वाटेतून धावत बाहेर गेली. मी माझा गुडघा सांभाळत मागोमाग. सर्व्हिस रोडवर पोचलो तेव्हा कंपनीची बस उभी होती, वडील पायरीवर, आणि मुलगी खिडक्यांखाली वही उघडून. मे महिन्यातली दुपार; खिडक्यांतून दहा-बारा माणसे बाहेर डोकावत होती आणि सारी एकदम बोलत होती.

"व्हय की ताई, तिसरीचा मानूस आदल्याच दिसाचा धरत्यात!" एक चाकणकडचा गडी ओरडला.

"आणि डबल केली तर?" तिने विचारले. "दुसरी करून तिसरीला थांबला तर?"

"मग त्यो दोनदा जेवतो. हा बघा, हा जेवतो दोनदा. शिंगल शिफ्टला बी दोनदाच जेवतो!"

"गप ए भावा! ताई, बस लेट झाली तर मंग काय धरनार?"

"किती लेट होते?"

"ते ड्रायव्हरला विचारा राव, आमाला न्हाई ठावं."

ड्रायव्हर म्हणाला, "मी लेट करत न्हाई, ट्रॅफिक करतंय. आता सोडा मला, न्हाईतर आज बी हुईल." तरी तो मनुष्य पूर्ण चार मिनिटे थांबला. मी घड्याळ लावून पाहिले आहे. बस हलली तेव्हा वडील पायरीवरूनच म्हणाले, "जा की मागं. तुझा नंबर जाईल." ती म्हणाली, "गेला, बाबा." त्यांनी काही ऐकले की नाही कोण जाणे, बस देहूरोडच्या दिशेने निघून गेली.

आणि मग ती रडली. सेक्रेटरींना एवढे एक माप मी पास करून देतो. परंतु ती रडली हॉलबाहेर, बस गेल्यावर, सर्व्हिस रोडच्या कडेला. आणि जागा गेली म्हणून नव्हे. मी म्हणालो, "अगं, पुढच्या वर्षी पुन्हा बस परीक्षेला." तिने डोळे पुसत मान हलवली. "तसं नाही, आजोबा. सहा आठवडे मी सगळ्यांना विचारत फिरले. तुम्हाला विचारलं, आईला वाट्या धरून उभं केलं, शिबिराच्या मॅडमना विचारलं. बाबांना एकदाही नाही विचारलं. तिसऱ्या शिफ्टचा प्रोग्रॅम, आणि तिसरी शिफ्ट करणारा माणूस घरात झोपलेला. ते उठू नयेत म्हणून मी हळू बोलत होते."

तपासणीच्या पानावर तर नाव माझे होते. चौतीस वर्षे कारखान्यात काढलेला मी. पण तपासणी विभागाला जनरल शिफ्ट असते. सकाळी साडेआठला आत, संध्याकाळी पाचला बाहेर. माझी तारीख उभ्या आयुष्यात कधी कामावर असताना बदलली नाही. मी तिला एकतीस जून विचारला, बंद पडलेले घड्याळ विचारले. एवढे विचारायचे मला सुचले नाही. ती चूक मी पकडायला हवी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. वाद जिंकायचा म्हणून ही एक गोष्ट लपवणे बरे नव्हे, म्हणून लिहिले.

आम्ही परत गेलो तेव्हा हॉल रिकामा झाला होता. यादी लागली होती आणि तिच्यावर दोन दुसरी नावे होती. दोन्ही मुले हुशार आहेत, माझी तक्रार नाही. शिबिराच्या प्रमुख बाई खुर्च्यांच्या रांगेत एकट्या बसल्या होत्या. मुलीने लॅपटॉप उघडला, दिवस सकाळी सातला बदलतो असे त्यात घातले आणि तीच तारीख पुन्हा चालवली. गुरुवार: शून्य, शून्य, शून्य. बुधवार, तिसरी शिफ्ट: अठ्ठ्याऐंशी. बाईंनी तिथूनच कारखान्याच्या कँटीनला फोन लावला आणि विचारले, गुरुवारी तुमच्याकडे किती ताटं होतात? पलीकडचा मनुष्य इतक्या मोठ्याने हसला की ते मला ऐकू आले. "अहो मॅडम, गुरुवारी आम्ही स्वतः घरी जेवतो!"

फोन ठेवून बाई म्हणाल्या, "यादी गेली गं."

"माहीत आहे, मॅडम. तेवढी तुमची उत्तरांची फाइल दुरुस्त करून जाऊ का? पुढच्या मुलांना चुकीचे गुण मिळतील."

आणि ती बसली. जी फाइल तिची जागा घेऊन गेली तीच फाइल, वर्षातले एकूण एक दिवस पुन्हा मोजून, संध्याकाळपर्यंत तिने दुरुस्त केली. मला बाईंनी दोनदा चहा दिला. दोन्ही वेळा साखर कमी होती. मी सांगितले नाही.

जूनच्या पहिल्या सोमवारी ती वडिलांबरोबर बसमध्ये बसली. तह तो तह. निळा शर्ट तिला मोठा होतो. आईने तो दोन्ही बाजूंनी आत घेतला आहे. माझ्याकडे आता क्वचित येते. आली तर दमलेली असते, स्टोअरमधल्या बोल्टांच्या पेट्यांविषयी बोलते आणि निघताना "आजोबा, भांडण कसं चाललंय?" असे विचारते. मी म्हणतो, चाललंय. खरे सांगायचे तर, 'आणखी भांडा' म्हणणारे कोणी नसले की भांडणात पूर्वीची गोडी राहत नाही. दुपारी गच्चीत गेलो तर दोरीवर नुसते कपडे असतात.

म्हणून तिने तो नाद सोडला, असे सेक्रेटरी म्हणतात. त्यांना मी आजवर बाकावर उत्तर दिले नाही, कारण बाकावरचे उत्तर लिहून राहत नाही. ते येथे देतो. कारखाना गुरुवारी बंद असला तरी कॉलेज गुरुवारी चालू असते. त्या दिवशी संध्याकाळी निघताना बाईंनी आपल्या पर्समधून काढून तिच्या हातात काहीतरी ठेवले. काय, ते मला दिसले नव्हते. गेल्या आठवड्यात मी जिन्यात विचारले तेव्हा तिने बॅगेच्या आतल्या कप्प्यातून ते काढून दाखवले. सेक्रेटरीसाहेब, दर गुरुवारी सकाळी त्या प्रयोगशाळेचे कुलूप ती उघडते. किल्ली तिच्याकडे असते.